पंधरा वर्षांच्या कॅम्परची केबिन आतून रंगवून घेतली : जळगावच्या एका गॅरेजचे परीक्षण

आमची बोलेरो कॅम्पर, म्हणजे पुढे चार दारांची केबिन आणि मागे मालाचा हौदा असलेली गाडी, २००९ सालची आहे. सावदा, रावेर, फैजपूर आणि भुसावळ या पट्ट्यात मागे केळीचे घड आणि पुढे मजूर घेऊन ती धावत आली. इंजिनाची तक्रार नाही, पत्र्याचे काम मध्यंतरी झालेले होते आणि दरवर्षीचे पासिंगही विनाअडचण होत होते, कारण पासिंगला ब्रेक, दिवे आणि टायर पाहतात, डॅशबोर्डचा रंग कोणी विचारत नाही. मात्र केबिनकडे पाहवत नव्हते. डॅशबोर्डचा वरचा भाग उन्हाने पांढरट पडला होता आणि त्यावरून हात फिरवला की खडूसारखी भुकटी हाताला लागत होती. दरवाज्यांच्या पॅडवर केळीच्या चिकाचे तपकिरी-काळे डाग होते आणि चालकाच्या बाजूची खालची पट्टी बुटांच्या ठोकरांनी खरवडलेली होती. मागच्या एप्रिलमध्ये जळगावच्या एका गॅरेजमध्ये हे सर्व भाग काढून, साफ करून, रंगवून घेतले. त्या कामाला आता दहा महिने झाले आहेत. एक उन्हाळा आणि एक पावसाळा गेल्यानंतरच त्याबद्दल लिहावे असे ठरवले होते. गॅरेजचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे काही तक्रारी आहेत आणि त्याबाबत मालकांशी बोलणे अजून चालू आहे.

आधी माझा निष्कर्ष सांगतो. मोठ्या आणि स्थिर भागांचे, म्हणजे डॅशबोर्ड, दरवाज्यांचे पॅड आणि खांबांवरील पट्ट्या यांचे काम उत्तम झाले आहे. ज्या भागांना दिवसभर हात लागतो त्यांचे काम फसले आहे, आणि ते फसणारच होते हे गॅरेजला माहीत असायला हवे होते.

त्यांच्याकडे जाण्यापूर्वी इतर मार्ग तपासले होते. नवे पॅड मागवावेत तर जुन्या मॉडेलचा तोच करडा रंग मिळत नव्हता. जुन्या सुट्या भागांच्या बाजारात जे पॅड मिळाले ते आमच्याइतकेच उन्हाने खाल्लेले होते. रेक्झिन चढवून देणारे कारागीर बरेच आहेत, परंतु आपल्याकडच्या मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर हात ठेवता येत नाही. त्या तापमानात चिकटवलेल्या रेक्झिनच्या कडा सुटून वर आलेल्या मी ओळखीच्या दोन गाड्यांत पाहिल्या आहेत. राहता राहिला रंग. त्याचाही एक कटू अनुभव पदरी होता. तीन वर्षांपूर्वी घरीच डब्यातील स्प्रे आणून डॅशबोर्डच्या कप्प्याचे झाकण मी रंगवले होते. आठ दिवस ते नव्यासारखे दिसले आणि नंतर कांद्याच्या पापुद्र्यासारखा रंग निघू लागला.

तो का निघाला, याचे उत्तर मला या गॅरेजमध्ये पहिल्याच भेटीत मिळाले. रंगकाम करणारा कारागीर अमळनेरकडचा होता. त्याने झाकण काढून उलटे केले, मागच्या बाजूला साच्यातच उमटवलेली अक्षरे दाखवली आणि म्हणाला, “आप्पा, हाई पीपी शे, याले पह्यले प्रायमर लागस.” पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. या प्लास्टिकचा पृष्ठभाग इतका निर्लेप असतो की रंग त्यावर पसरतो, वाळतो, पण धरत नाही. त्यासाठी आधी खास प्लास्टिक प्रायमरचा अगदी पातळ, जवळजवळ पारदर्शक थर द्यावा लागतो. त्यातील क्लोरीनयुक्त रेझिन एका बाजूने प्लास्टिकला आणि दुसऱ्या बाजूने रंगाला धरून ठेवते. काही तुकड्यांवर ‘पीपी टी २०’ असे लिहिलेले होते. त्याचा क्रिकेटशी संबंध नसून त्या प्लास्टिकमध्ये वीस टक्के टाल्क, म्हणजे शंखजिऱ्याची पूड, मिसळलेली आहे एवढाच त्याचा अर्थ. स्टीयरिंगखालचे कव्हर मात्र एबीएस नावाच्या दुसऱ्या प्लास्टिकचे निघाले. एबीएसवर रंग सहज बसतो, परंतु ते तीव्र थिनरने पुसले तर पृष्ठभाग विरघळून चिकट होतो आणि पुढे तडेही जाऊ शकतात. एकाच गाडीत दोन स्वभावांची प्लास्टिके असताना सर्वांना एकाच फडक्याने पुसणारा कारागीर काम बिघडवतो. या कारागिराने तुकड्यांचे आधी दोन ढीग केले, तेव्हाच मी काम देण्याचे निश्चित केले.

दुसरी समाधानाची गोष्ट म्हणजे त्यांनी गाडीत बसून कागद आणि टेप लावून रंग मारण्यास नकार दिला. सर्व भाग सुटे केले. बाहेर काढल्यावर पॅडच्या मागे साचलेली काळ्या मातीची धूळ पाहून मलाच संकोच वाटला. त्यानंतर दीड दिवस केवळ साफसफाई चालली, आणि माझ्या मते या कामाचे मोल त्या दीड दिवसात आहे. प्रथम साबणाचे कोमट पाणी आणि मऊ ब्रश, नंतर तेल-मेण काढणारे द्रावण, मग रेघांमधील चीक काढण्यासाठी पुन्हा ब्रश. केळीचा चीक ताजा असताना पाण्यासारखा दिसतो, पण हवा लागताच तो काळवंडतो आणि प्लास्टिकच्या दाणेदार पोतात जाऊन बसतो. त्याचा डाग पूर्ण गेला नाही, परंतु त्याचा चिकट थर गेला, आणि रंगाला तेवढेच हवे होते. सर्वात जास्त वेळ गेला तो आमच्या चालकाने वर्षानुवर्षे लावलेल्या चकाकीच्या पॉलिशमुळे. अशा पॉलिशमध्ये बहुधा सिलिकॉन असते. त्याचा अंश राहिला तर ओला रंग त्या जागेवरून मागे सरकतो आणि माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. कप्प्याच्या झाकणावर तसे चार-पाच खड्डे पहिल्या हातात पडलेच. ते झाकण त्यांनी पुन्हा पूर्ण धुऊन, घासून नव्याने केले आणि त्याचे वेगळे पैसे मागितले नाहीत.

घासण्याच्या बाबतीतही त्यांचा हात नेमका होता. पत्र्याच्या सवयीने लांबी, म्हणजे खड्डे बुजवण्याची पुट्टी, भरून वॉटर पेपर मारला असता तर प्लास्टिकचा मूळचा दाणेदार पोत सपाट झाला असता आणि डॅशबोर्ड स्टीलच्या कपाटासारखा दिसला असता. त्यांनी करड्या घासणीने केवळ चमक घालवली. फक्त कप्प्याच्या झाकणावरील तडा मागून इपॉक्सीने सांधला आणि पुढून बारीक पेपर फिरवला. तिथे पोत गेला आहे, व तिरप्या उन्हात तेवढा बोटभर भाग अजून गुळगुळीत दिसतो. याची कल्पना त्यांनी आधीच दिली होती, त्यामुळे माझी तक्रार नाही. हीट गनने प्लास्टिक तापवले की पांढरेपणा जातो असे मी कुठेसे पाहिले होते आणि तसे सुचवूनही पाहिले. मालकांनी शांतपणे सांगितले की ते उजळणे काही महिन्यांचेच असते आणि हात जरा चुकला तर पोत वितळून तेवढाच भाग चमकत राहतो.

रंगाची छटा जुळवण्याची त्यांची पद्धत मला विशेष आवडली. डॅशबोर्डच्या समोरच्या बाजूवरून रंग जुळवला असता तर उन्हाने फिका झालेलाच रंग नव्याने मिळाला असता. त्यांनी दरवाज्याच्या पॅडची आतली दुमडलेली कडा, जिथे पंधरा वर्षांत ऊन पोहोचले नव्हते, ती नमुना म्हणून घेतली. त्यामुळे गाडी शोरूममधून निघाली तेव्हाचा करडा रंग परत आला आणि मला तो पाहून क्षणभर ओळखूही आला नाही.

चमकेच्या बाबतीत मात्र चूक झाली. मी ‘मॅट’ असे स्पष्ट सांगितले असतानाही पहिला डॅशबोर्ड अर्धवट चमकदार झाला. गॅरेजच्या सावलीत तो सुंदर दिसला. गाडी उन्हात काढली आणि डॅशबोर्डचे प्रतिबिंब समोरच्या काचेवर असे उमटले की पश्चिमेकडे तोंड करून संध्याकाळी गाडी चालवणे अवघड झाले असते. पुढच्या काचेखालचा प्लास्टिकचा भाग कंपन्या पोतदार आणि निस्तेज ठेवतात त्यामागे हेच कारण असते. त्यांनी चमक कमी करणारे मिश्रण वाढवून तो पुन्हा रंगवला, पण त्यासाठी सातशे रुपये जादा लावले. चूक त्यांची असताना ते लावायला नको होते, असे मी तिथेच सांगितले.

वेळेबद्दल एक गोष्ट येथे सांगणे उपयोगाचे ठरेल. एप्रिलच्या जळगावात दुपारी रंग मारला तर थिनर हवेतच उडून जातो, रंगाचे थेंब प्लास्टिकवर पोहोचेपर्यंत अर्धे वाळलेले असतात आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. त्यातच एखादी वावटळ आली की सर्व काम धुळीत जाते. या गॅरेजमध्ये उन्हाळ्यात रंगकाम सकाळी सहा ते साडेआठ एवढेच चालते, तेही संथ वाळणाऱ्या थिनरने, आणि प्रत्येक पातळ हातानंतर पंधरा मिनिटे थांबून. यामुळे दोन दिवसांचे सांगितलेले काम पाच दिवस चालले. पावसाळ्यात हवेतील दमटपणाने रंगावर दुधाळ झाक येते, म्हणून ज्यांना घाई नाही त्यांनी दिवाळीनंतर, थंडी सुरू झाल्यावर हे काम काढावे, असे मी सुचवेन. केळीची कापणी तर बाराही महिने चालू असते, तेव्हा गाडी कधी मोकळी होते हा प्रश्न ज्याचा त्याने सोडवावा.

गाडी ताब्यात घेण्यापूर्वी मी कप्प्याच्या आतील न दिसणाऱ्या भागावर ब्लेडने बारीक चौकटी आखल्या, त्यावर चिकटपट्टी घट्ट दाबली आणि झटक्यात ओढली. एकही चौकट निघाली नाही. कारागीर हसला, बहुधा यापूर्वी कोणी असा अविश्वास दाखवला नसावा. दहा महिन्यांनंतर डॅशबोर्ड आणि पॅड यांचा रंग तसाच आहे, ओल्या फडक्याने पुसला जातो आणि मे महिन्यातही तो कुठे चिकट झाला नाही. चिकाचे नवे थेंब त्याच दिवशी पुसले तर निघतात.

आता फसलेल्या भागांविषयी. दरवाज्याची आतील हँडले, काच खाली-वर करण्याच्या मुठी आणि गिअरची मूठ हे सर्व त्यांनी त्याच पद्धतीने रंगवले. तिसऱ्या आठवड्यात चालकाच्या बाजूच्या मुठीवरील रंग अंगठ्याच्या जागी उडाला, महिनाभरात गिअरची मूठ ठिपकेदार झाली. घाम, तंबाखूची बोटे, सतत घासणारा तळहात यांपुढे एवढ्या पातळ थराचा निभाव लागत नाही. हे भाग नवे घ्यायला फार खर्च येत नाही आणि ते बहुतेक सुट्या भागांच्या दुकानांत मिळतात. ‘हे रंगवू नका, नवे टाका’ असे गॅरेजने सांगायला हवे होते. त्याऐवजी त्यांनी रंगवण्याचे चारशे रुपये घेतले.

दुसरी तक्रार क्लिपांची. जुन्या प्लास्टिकच्या क्लिपा काढताना तुटतात, यात कोणाचा दोष नाही. पण तुटलेल्यांच्या जागी नव्या न टाकता उरलेल्यांवरच पॅड बसवले गेले आणि सावद्याच्या रस्त्याला लागताच मागचा डावा दरवाजा खडखडू लागला. काही रुपयांना एक अशी मिळणारी वस्तू. मी स्वतःच डझनभर आणून बसवल्या.

तिसरी गोष्ट माझ्या गाडीची नाही, पण लिहिल्यावाचून राहवत नाही. दोन भागांचा, म्हणजे हार्डनर मिसळलेला रंग मारताना कारागिराच्या तोंडाला फक्त रुमाल बांधलेला होता. त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते आणि ते श्वासातून गेल्याने कायमचा दमा जडू शकतो. त्यासाठी योग्य गाळणीचा मास्क लागतो, रुमाल काही कामाचा नाही. मी मालकांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले की मास्क आणून ठेवला आहे, पोरे लावत नाहीत.

खर्चाचा हिशोब असा : ठरले होते साडेसात हजार, प्रत्यक्षात दिले आठ हजार सहाशे, त्यात डॅशबोर्डचे सातशे आणि मुठींचे चारशे आले. पट्टे, म्हणजे सीट बेल्ट, त्यांनी नीट झाकून ठेवले होते आणि त्यांच्यावर कोणतेही द्रावण लागू दिले नाही, ही काळजी मला महत्त्वाची वाटली. आमच्या गाडीत एअरबॅग नाहीत. ज्यांच्या गाडीत आहेत त्यांनी त्यावरील झाकण मुळीच रंगवून घेऊ नये, कारण ते ठरलेल्या रेषेवर फाटण्यासाठीच बनवलेले असते.

मालकांनी मुठींचे चारशे रुपये परत देण्याऐवजी नव्या मुठी बसवून देण्याची तयारी दाखवली आहे. गाडी पुढच्या आठवड्यात जळगावला माल घेऊन जाणार आहे, तेव्हा त्या बसवून घेईन, आणि मागच्या डाव्या दरवाज्याचा उरलेला एक स्क्रूही, जो त्यांनी पिशवीत घालून माझ्या हाती दिला होता, त्यांनाच लावायला सांगेन.