आठ महिने बेटकास्टर: बास मासेमारीत वापरल्यानंतरचा अनुभव

बेटकास्टर (फेकताना ज्याचं लाइन गुंडाळलेलं स्पूल स्वतः फिरतं असं गळाचं रीळ) घेण्याआधी माहितीतल्या लोकांकडून दोनच गोष्टी ऐकायला मिळायच्या. एक, "हात बसला की स्पिनिंग रिळाला हात लावणार नाहीस." दुसरी, "गुंता सोडवण्यातच सकाळ जाईल." आठ महिने, आठवड्यातून दोन पहाटा पाण्यावर काढल्यावर सांगतो, दोन्ही खरं आहे. गुंत्याचे दिवस आधी येतात आणि माझ्या बाबतीत ते सहा आठवडे टिकले. म्हणून पहिल्या महिन्यात या रिळाबद्दल मत बनवू नका, एवढंच कळकळीने सांगायचं आहे. मी बनवलं होतं आणि ते चुकीचं निघालं.

आधी सामान सांगतो. रॉड सात फुटी, मीडियम-हेवी, फास्ट ॲक्शनचा, म्हणजे टोकाकडे वाकणारा आणि खाली ताठ. रीळ लो-प्रोफाइल, गिअर रेशो 7.1:1. हँडलचा एक फेरा मारला की स्पूल सात वेळा फिरतं आणि पाऊण मीटरच्या आसपास लाइन आत येते. लाइन 15 पौंडी फ्लुरोकार्बन. मासा एकच, लार्जमाउथ बास, गोड्या पाण्यातला मोठ्या तोंडाचा शिकारी मासा.

गुंता का होतो हे नीट समजेपर्यंत मी नुसता चिडत होतो. स्पिनिंग रिळात स्पूल स्थिर असतं आणि लाइन वेटोळ्यावेटोळ्याने सुटते. इथे स्पूल स्वतः गरगर फिरतं. फेकीच्या सुरुवातीला आमिष जोरात जातं आणि स्पूलला वेग देतं. पुढे हवेने आमिष मंदावतं, पण स्पूलला ते कळत नाही, ते त्याच वेगाने लाइन सोडत राहतं. सुटलेल्या लाइनला जायला जागा नसते, मग ती स्पूलवरच फुगते आणि एकमेकांत अडकते. समोरून वारा असेल तर आमिष आणखी लवकर मंदावतं, म्हणून वाऱ्याच्या तोंडावर सगळ्यात वाईट गुंते होतात.

आमच्या किनाऱ्यावर एक काका असतात. आम्ही चौघे त्यांच्याभोवती जमलेलो. तिसऱ्या आठवड्यात माझा चेहरा बघून त्यांनी रीळ मागून घेतलं. स्पूल किती घट्ट फिरेल ते ठरवणारी टेन्शनची बाजूची चकती थोडी थोडी सैल करत, आमिष सावकाश खाली उतरून जमिनीला टेकताच स्पूल थांबेल इथवर आणली. फिरत्या स्पूलला आवरणारे ब्रेक पूर्ण चढवले. म्हणाले, "अंतर विसर. आमिष पाण्याला टेकायच्या आधी अंगठा स्पूलला टेकला पाहिजे. एवढं एकच कर, पन्नास वेळा." त्या सकाळी मासा नव्हता मिळाला, पण पन्नास फेकी झाल्या आणि त्यातले गुंते चारच. नंतर दर आठवड्याला ब्रेक एक खूण उतरवत गेलो. आज ते निम्म्यावर आहेत आणि तिथेच राहू देणार आहे. शून्यावर ठेवून आणखी चार मीटर मिळवण्यात मला रस नाही.

अंगठा बसल्यावर या रिळाची खरी किंमत कळते ती टेक्सास रिगवर. गोळीच्या आकाराचं वजन, खाली ऑफसेट (मानेशी मोडलेला) गळ, त्यावर प्लॅस्टिकचा किडा आणि गळाचं टोक परत किड्याच्या अंगात लपवलेलं. त्यामुळे गवतातून, बुडालेल्या फांद्यांमधून ते न अडकता सरकतं. असा मऊ प्लॅस्टिकचा किडा निक क्रीम यांनी 1949 साली अमेरिकेत ओहायोमध्ये बनवला आणि बास पकडणाऱ्यांचं जगच बदललं. आजही मला एकच आमिष निवडायला सांगितलं तर मी तोच घेईन.

बेटकास्टरवर ते फांदीच्या बरोबर मागे, आवाज न करता उतरवता येतं, कारण शेवटच्या मीटरभरात अंगठ्याने वेग आवरता येतो. मग ते तळाला जाऊ द्यायचं. रॉडचं टोक घड्याळातल्या नऊच्या जागेवरून अकराच्या जागेपर्यंत उचलायचं, सैल पडलेली लाइन गुंडाळायची, थांबायचं. बहुतेक वेळा आमिष खाली उतरतानाच मासा ते घेतो, त्यामुळे धक्का जाणवेलच असं नाही. कधी एक बारीकसं 'टक', कधी लाइन आपोआप बाजूला चालू लागते, कधी वजनच जाणवेनासं होतं. अशा वेळी विचार करत बसू नये. लाइन ताठ करावी आणि रॉड जोरात वर घ्यावा, कारण गळाचं टोक आधी प्लॅस्टिकमधून बाहेर यायचं असतं आणि मग जबड्यात जायचं असतं. मऊ रॉड इथे कमी पडतो.

आता तक्रार. पाचव्या महिन्यात लागोपाठ तीन मासे लाइन तुटून गेले. दोन साधारण होते, तिसरा चांगला मोठा. पाण्याबाहेर उसळला तेव्हा त्याचं उघडं तोंड मला स्पष्ट दिसलं आणि पुढच्याच क्षणी लाइन हलकी झाली. मी लाइनला दोष दिला, गाठीला दिला, अख्खी लाइन बदलली. पुढच्या फेरीत पुन्हा तेच. काकांनी माझ्याकडे बघून डब्यातला कापूस काढला, त्याचा बोळा केला आणि रॉडच्या एकेका कडीतून फिरवला. टोकाकडून चौथ्या कडीत कापसाचे तीन-चार तंतू अडकून राहिले. आतल्या सिरॅमिक वळ्याला केसाएवढी चीर होती, डोळ्यांना न दिसणारी. प्रत्येक फेकीत आणि प्रत्येक माशाच्या ओढीत लाइन तिच्यावर घासत होती. कडी बदलल्यावर त्रास संपला. नव्या रॉडला पाच महिन्यांत अशी चीर पडावी हे मला पटलेलं नाही आणि या रॉडचा एक गुण मी त्यासाठीच कापतो. ज्यांची लाइन कारण नसताना तुटते त्यांनी आज संध्याकाळीच कापूस फिरवून बघावा.

फ्लुरोकार्बनबद्दल माझं मत चांगलं आहे. ते साध्या नायलॉनच्या तंगुसापेक्षा जड, त्यामुळे बुडतं आणि तळावरचं आमिष हातात जाणवतं. त्याचा प्रकाश वाकवण्याचा अंक 1.42 च्या आसपास, पाण्याचा 1.33, म्हणून पाण्यात कमी दिसतं. पण गाठ कोरडी आवळली तर घर्षणाच्या उष्णतेने तिथेच कमजोर होतं. पालोमार गाठ घालतो, तोंडातली थुंकी लावून ओली करतो आणि हळू आवळतो. ड्रॅग (किती ओढीला स्पूलने लाइन सोडायची ते ठरवणारा दाब) वजनकाट्याला बांधून दोन किलोवर लावलेला आहे, म्हणजे लाइनच्या ताकदीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत. घरी आल्यावर तो सैल करून ठेवतो, नाहीतर आतल्या चकत्या दबून राहतात.

देखभाल फार नाही. लाइन सारखी पसरवणारा पुढचा आटा वाळूने करकरायला लागला होता. जुन्या ब्रशने साफ करून तेलाचा एकच थेंब सोडला आणि पुन्हा गुळगुळीत झाला. जास्त तेल म्हणजे जास्त वाळू.

हे रीळ सगळ्याला चालत नाही. दहा ग्रॅमच्या जिगला (डोक्याशी वजन असलेल्या गळाला) उत्तम, स्पिनरबेटला (फिरत्या पात्याच्या आमिषाला) उत्तम. पाच ग्रॅमच्या खालचं काही फेकायचं असेल, बिनवजनाचा किडा असेल किंवा ड्रॉप शॉट (खाली वजन आणि वर हलकं आमिष), तर मी सरळ स्पिनिंग काढतो. ओढलं की खोल बुडी मारणाऱ्या क्रँकबेटला (माशाच्या आकाराच्या कडक आमिषाला) 7.1 चा वेग जास्त होतो, हात मुद्दाम आवरावा लागतो आणि तासाभरात मनगट दुखतं. त्या कामाला पाचाच्या आसपासचा रेशो घ्यावा.

माशाबद्दल थोडं. पाणी 15 ते 20 अंशांवर आलं की बास उथळ जागी घरटं करतो आणि अंडी घातल्यावर नर राखण करत बसतो. त्याला उचललं की आजूबाजूचे छोटे मासे अंडी खाऊन टाकतात, म्हणून त्या आठवड्यांत आम्ही चौघेही घरट्यावर गळ टाकत नाही. हे आमच्यातल्या कुणी कुणाला सांगून ठरवलेलं नाही, काका टाकत नव्हते म्हणून कुणीच टाकलं नाही. मासा धरताना अंगठा खालच्या जबड्यात, दुसरा ओला हात पोटाखाली. मोठा मासा नुसत्या जबड्यावर उभा लोंबकळवला तर जबड्याला इजा होते. त्याचे बारीक दात अंगठ्याला खरखरीत करून सोडतात. चांगली सकाळ गेली की अंगठ्याची कातडी सोललेली असते आणि ती आम्ही एकमेकांना दाखवतो.

मासा लागत नाही त्या तासांत गप्पांना विषय ठरलेला. जॉर्ज पेरी यांनी 1932 साली जॉर्जियात 22 पौंड 4 औंसांचा बास पकडला. 2009 साली जपानच्या बिवा तलावात मानाबू कुरिता यांचा त्याहून मोठा, पण औंसापेक्षाही कमी फरकाने, असा मासा मिळाला आणि सगळ्यात मोठ्या बासचा जागतिक विक्रम बरोबरीत धरला गेला, कारण नियमाप्रमाणे मोडायला दोन औंस जास्त लागतात. काका पेरींच्या बाजूचे, मी कुरितांच्या. माझा आजवरचा सगळ्यात मोठा 2 किलो 300 ग्रॅम, याच रिळावर. वजन करताना काकांचे हात माझ्यापेक्षा जास्त थरथरत होते.

गेल्या आठवड्यात एक कॉलेजातला मुलगा आमच्यात आला. त्याने माझं रीळ मागितलं. मी ब्रेक पूर्ण चढवून दिलं. तिसऱ्याच फेकीला स्पूलवर भला मोठा गुंता. तो वरमला आणि लाइन कापायला निघाला. मी थांबवलं. ड्रॅग घट्ट केला, अंगठा गुंत्यावर दाबून ठेवायला सांगितला आणि तसाच दाबून हँडलचे चार-पाच फेरे मारायला लावले. मग स्पूल मोकळं करणारं बटण दाबून लाइन हळू ओढ म्हटलं. एकेक वेटोळं सुटत गेलं आणि एकदम मोकळी लाइन हाताशी आली. त्याने माझ्याकडे बघितलं. पलीकडून काका ओरडले, "आता फेक, आणि अंगठा आधी!"