अतिसक्रिय थायरॉइड: गोळ्या, किरणोत्सारी आयोडीन की शस्त्रक्रिया?

आपल्याकडे ‘मला थायरॉइड आहे’ असे कोणी म्हटले की ऐकणारा ही ग्रंथी मंदावली आहे असेच गृहीत धरतो, कारण तो विकार कितीतरी अधिक आढळतो. त्यामुळे ज्यांची अवटू ग्रंथी मंद नसून अतिसक्रिय आहे, ज्यांचे वजन भरपूर खाऊनही उतरते, हात थरथरतात, डिसेंबरातही घाम फुटतो आणि रात्री छातीतील धडधड कानाशी ऐकू येते, त्यांना नातेवाइकांकडून नेमका उलटा सल्ला मिळत राहतो. हा लेख अशा व्यक्तींसाठी आहे ज्यांचे निदान झाले आहे आणि ज्यांच्यापुढे डॉक्टरांनी तीन मार्ग ठेवले आहेत. मी स्वतः पहिल्या मार्गाने दीड वर्ष चाललो, आजार उलटल्यावर दुसरा मार्ग घेतला. माझा कल कुठे असू शकतो हे वाचकाला ठाऊक असावे म्हणून हे आधीच सांगतो.

तुलनेपूर्वी एक प्रश्न सुटलेला असला पाहिजे, तो म्हणजे ग्रंथी अतिसक्रिय का झाली. रक्तात टीएसएच (ग्रंथीला कामाला लावणारे संप्रेरक) कमी आणि टी३, टी४ (ग्रंथीची स्वतःची संप्रेरके) जास्त एवढ्यावरून कारण कळत नाही. सर्वांत जास्त आढळणारे कारण ग्रेव्ह्ज आजार हे आहे, ज्यात शरीराने स्वतःच तयार केलेली प्रतिपिंडे ग्रंथीला सतत चेतवत राहतात. या प्रतिपिंडांची, म्हणजे टीआरएबीची, रक्तचाचणी किंवा ग्रंथीचा टेक्नेशियम स्कॅन यांवरून तो ओळखता येतो. काहींच्या ग्रंथीत एखादी गाठच स्वतंत्रपणे संप्रेरक बनवू लागलेली असते. अशा गाठीला गोळ्यांनी आवर घालता येतो, पण त्या थांबवताच ती पूर्ववत काम करू लागते, त्यामुळे तिथे निवड प्रामुख्याने उरलेल्या दोन मार्गांतच असते. आणि ग्रंथीला सूज आल्यामुळे, उदाहरणार्थ बाळंतपणानंतरच्या काही महिन्यांत, साठलेले संप्रेरक नुसते झिरपत असेल तर या तिन्हींपैकी कशाचीच गरज नसते. धडधड कमी करणारे प्रोप्रॅनोलॉलसारखे औषध घेत वाट पाहणे पुरते. म्हणून कारण निश्चित न करता कोणी थेट उपचारांची भाषा करत असेल, तर तिथेच थांबून विचारावे. पुढील सर्व मजकूर ग्रेव्ह्ज आजाराला धरून आहे.

या तुलनेचा गाभा माझ्या मते एका वाक्यात सांगता येतो: गोळ्यांच्या मार्गात आजार परत येण्याची टांगती तलवार स्वीकारावी लागते, तर उरलेल्या दोन मार्गांत जन्मभर रोज एक थायरॉक्सिनची गोळी. ग्रंथी जाळली काय किंवा काढली काय, शेवटी ती मंद होते किंवा उरतच नाही, आणि बाहेरून संप्रेरक घ्यावे लागते. पुष्कळ रुग्ण या दुसऱ्या गोष्टीला उपचाराचे अपयश समजतात, आणि केवळ त्या भीतीपोटी वर्षानुवर्षे अस्थिर अवस्थेत राहतात. वस्तुतः थायरॉक्सिन म्हणजे ग्रंथी बनवत होती तेच संप्रेरक. ते सकाळी उपाशीपोटी घ्यावे, चहा अर्ध्या ते एका तासाने प्यावा, आणि लोह किंवा कॅल्शियमच्या गोळ्या चार तास दूर ठेवाव्यात, एवढी शिस्त लागते. मात्रा बसायला काही महिने जातात आणि काहींना वजनवाढीचा त्रास होतो, हे खरे आहे. पण अतिसक्रिय ग्रंथीमुळे होणारी हृदयाची अनियमित गती आणि हाडांची झीज यांच्या तुलनेत हे ओझे हलके आहे, असे मी अनुभवाने म्हणतो.

गोळ्या म्हणजे बहुतांशी कार्बिमॅझोल. ती स्वस्त आहे, जवळच्या दुकानात मिळते, ग्रंथी शाबूत ठेवते, आणि काही आठवड्यांत बरे वाटू लागते. साधारणपणे बारा ते अठरा महिने ती घेतात आणि मग थांबवून पाहतात. थांबवल्यानंतर निम्म्याहून थोड्या कमी रुग्णांचा आजार शांत राहतो, बाकीच्यांचा परततो. ग्रंथी मोठी असेल, रुग्ण धूम्रपान करत असेल, किंवा गोळ्या थांबवण्याच्या वेळी टीआरएबी अजूनही जास्त असेल, तर परतण्याची शक्यता वाढते. म्हणून ती चाचणी न करताच गोळ्या बंद करणे मला योग्य वाटत नाही. कमी मात्रेत अनेक वर्षे गोळ्या चालू ठेवणे हाही आता मान्य पर्याय आहे, हे रुग्णांना क्वचितच सांगितले जाते. या औषधाचा एक दुष्परिणाम दुर्मीळ, हजारात दोन ते पाच जणांना होणारा, पण जिवावर बेतू शकणारा आहे: पांढऱ्या पेशी एकदम घटतात, बहुधा पहिल्या तीन महिन्यांत. ताप आणि घसादुखी एकत्र आली, तर ‘हवा बदलली’ म्हणून काढा घेत बसू नये. गोळी थांबवून त्याच दिवशी रक्तातील पेशींची तपासणी करून घ्यावी आणि डॉक्टरांना कळवावे. माझ्या वेळी हे मला कोणी सांगितले नव्हते, औषधासोबतच्या घडी घातलेल्या कागदावर मी ते वाचले.

किरणोत्सारी आयोडीन हे नाव ऐकूनच घरात शांतता पसरते. प्रत्यक्षात ती एक कॅप्सूल किंवा घोटभर द्रव असतो. ग्रंथी आयोडीन शोषून घेते या तिच्या स्वभावाचाच उपयोग करून तिच्यात आयोडीन-१३१ पोहोचवले जाते, आणि त्याचा मारा मुख्यतः ग्रंथीपुरता राहतो. बोस्टनमध्ये १९४१ साली हा उपचार पहिल्यांदा झाला. मुंबईत परळचे रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून या क्षेत्रात काम करत आले आहे, आणि अशी किरणोत्सारी औषधे भाभा अणुसंशोधन केंद्र व ब्रिट (अणुऊर्जा विभागाची किरणोत्सारी पदार्थ पुरवणारी संस्था) यांच्यामार्फत देशातच तयार होतात. गुण येण्यास सहा आठवड्यांपासून सहा महिने लागतात, काहींना दुसरी मात्रा द्यावी लागते. आठ दशकांच्या वापरात कर्करोगाचे मोठे प्रमाण दिसून आलेले नाही. अत्यल्प वाढ होते का, यावर तज्ज्ञांत चर्चा चालू आहे.

या मार्गाची खरी अडचण मला घराच्या आकारात दिसली. मात्रेनुसार काही दिवस ते दोन-तीन आठवडे लहान मुले आणि गरोदर स्त्रिया यांच्यापासून अंतर ठेवावे लागते, वेगळे झोपावे लागते. ज्यांचे सहा माणसांचे कुटुंब दोन खोल्यांत राहते आणि त्यात एक दोन वर्षांचे मूल आहे, त्यांनी हे आधीच केंद्रात स्पष्ट सांगावे, लेखी सूचना मागून घ्याव्यात, आणि मुलाला आजोळी पाठवण्याची सोय झाल्यावरच तारीख घ्यावी.

शस्त्रक्रियेत निकाल त्याच दिवशी लागतो, आणि हेच तिचे बळ आहे. थिओडोर कोखर यांना १९०९ साली नोबेल पारितोषिक मिळाले ते या ग्रंथीवरील कामासाठीच, तेव्हा हे शास्त्र नवे नाही. गलगंड श्वासनलिकेवर दाब देत असेल किंवा एखाद्या गाठीबद्दल कर्करोगाची शंका असेल, तर हाच मार्ग सरस ठरतो. मात्र ग्रंथीला चिकटून आवाजाच्या नसा आणि कॅल्शियम सांभाळणाऱ्या चार छोट्या ग्रंथी असतात. अनुभवी हातांत कायमची इजा शेकडा एक-दोन इतकीच होते, परंतु काही दिवसांसाठी कॅल्शियम उतरून ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या येणे बरेचदा घडते. शिक्षिका, कीर्तनकार, गायिका अशा, आवाजावर पोट असलेल्या व्यक्तींनी ‘आपण वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया करता?’ हा प्रश्न विचारायला अजिबात संकोचू नये. वर्षाला पंचवीसहून अधिक करणाऱ्यांच्या हाती गुंतागुंत कमी होते, असे आढळलेले आहे. शिवाय आधी गोळ्यांनी संप्रेरक आटोक्यात आणल्याशिवाय ही शस्त्रक्रिया करणे धोक्याचे असते, म्हणजे कार्बिमॅझोल इथेही चुकत नाही.

अपत्याचा विचार असलेल्या स्त्रियांसाठी मात्र ही सगळी मांडणी बदलते. गर्भधारणेच्या सुरुवातीच्या आठवड्यांत कार्बिमॅझोलमुळे बाळाच्या डोक्यावरची त्वचा, नाकाचा मार्ग यांत दोष संभवतात, म्हणून त्या काळात गरजेनुसार प्रोपिलथायोयुरॅसिल हे दुसरे औषध देतात, ज्याचा यकृतावर दुष्परिणाम होऊ शकतो. पाळी चुकली तर त्याच दिवशी चाचणी करून डॉक्टरांना फोन करावा. गोळी मनानेच बंद करणेही घातक आहे आणि तशीच चालू ठेवणेही. किरणोत्सारी आयोडीन गरोदरपणात आणि बाळ अंगावर पीत असताना पूर्णपणे वर्ज्य आहे, आणि ते घेतल्यानंतर किमान सहा महिने गर्भधारणा टाळावी लागते. त्यानंतर टीआरएबी काही काळ वाढलेले राहते आणि ही प्रतिपिंडे वारेतून बाळापर्यंत पोहोचतात, ही गोष्ट सहसा बोलली जात नाही. शस्त्रक्रियेनंतर ती हळूहळू उतरतात. त्यामुळे वर्षभरात मूल हवे आहे आणि टीआरएबी खूप जास्त आहे, अशा स्त्रीला शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाला तर तो घाईचा समजू नये. आणि कोणताही मार्ग घेतला असला तरी पुढच्या प्रत्येक गरोदरपणात ‘मला ग्रेव्ह्ज होता’ हे प्रसूतितज्ज्ञांना आपणहून सांगावे, कारण तोवर चाचण्यांत फक्त मंद थायरॉइड दिसत असतो.

डोळ्यांचा मुद्दा थोडक्यात पण ठाम. डोळे बाहेर आल्यासारखे दिसत असतील, सुजत असतील किंवा एकाचे दोन दिसत असेल, तर किरणोत्सारी आयोडीनने तो त्रास वाढू शकतो, विशेषतः धूम्रपान करणाऱ्यांचा. सौम्य त्रासात स्टेरॉइडच्या आधाराने ते देता येते, तीव्र त्रासात टाळतात. गोळ्या आणि शस्त्रक्रिया डोळ्यांच्या बाबतीत तटस्थ आहेत. बिडी-सिगारेट सोडणे हे इथे औषधाइतकेच महत्त्वाचे आहे.

हा निर्णय पहिल्या महिन्यात घ्यावा लागत नाही. बहुतेकांच्या बाबतीत कार्बिमॅझोल सुरू होतेच. चार ते सहा आठवड्यांनी टी३ आणि टी४ पाहून मात्रा कमी-जास्त होते. टीएसएच मात्र कित्येक महिने दबलेलेच राहू शकते, तेव्हा ते पाहून निराश होण्याचे कारण नाही. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर रक्त देण्याआधी किमान दोन दिवस त्या बंद ठेवाव्यात, कारण त्यांच्यामुळे या चाचण्यांचे आकडे फसवे येतात. हात थरथरायचे थांबले, झोप लागू लागली, की मग घरच्यांना सोबत घेऊन डॉक्टरांपुढे बसावे आणि वरचे प्रश्न एकेक करून विचारावेत. धडधडत्या छातीने घेतलेला माझा पहिला निर्णय मला तीन महिन्यांनी बदलावासा वाटला होता, आणि तो बदलता आला, कारण तोवर मी कुठल्याही कागदावर सही केलेली नव्हती.