मिनी ग्राइंडर आणि जुन्या मॅचबॉक्स: दिवाळी ते पावसाळा वापरून

मॅचबॉक्स म्हणजे धातूच्या छोट्या खेळण्यातल्या गाड्या. जुन्या गाड्या दुरुस्त करायला मी हे मशीन घेतलं. घाईत असलेल्यांसाठी आधीच सांगतो: ते घासायला आणि पॉलिशला झकास आहे, भोक पाडायला नाही. खोक्यावर मात्र भोक पाडतानाचाच फोटो मोठा छापलाय.

मशीन म्हणजे हातात मावणारा मिनी ग्राइंडर. १३० वॅट, वेग मिनिटाला ८,००० ते ३३,००० फेरे. सोबत लवचिक शाफ्ट आणि डबाभर बिटं, त्यातली निम्मी कधीच लागत नाहीत. कंपनीचं नाव लिहीत नाही, याच अंगाची मशीनं दहा नावांनी विकली जातात. गेल्या दिवाळीत घेतलं, तेव्हापासून बहुतेक रविवारी चालतंय. शेजारच्या काकूंना विचारा.

माझ्याकडचा माल दोन जातींचा. एक, लेस्नी या इंग्लिश कंपनीच्या मॅचबॉक्स, तळाला 'मेड इन इंग्लंड' असलेल्या. आमच्या लहानपणी या बेळगावात दुकानात बघितल्याचं मला आठवत नाही. गोव्याच्या पाहुण्यांत कोणी तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरीला, असला की त्याच्या बॅगेतून यायच्या. दुसऱ्या, लिओ कंपनीच्या हॉट व्हील्स, याही तशाच छोट्या गाड्या, इथंच भारतात बनलेल्या. लेस्नीनं मॅचबॉक्स १९५३ साली काढली, १९८२ मध्ये कंपनीचं दिवाळं वाजलं. १९६८ ला हॉट व्हील्स आल्या, त्यांच्या धास्तीनं लेस्नीनं पुढच्याच वर्षी 'सुपरफास्ट' चाकं आणली. दुरुस्ती करणाऱ्याला हे माहीत हवं, कारण सुपरफास्टचा आस बारीक असतो. आधीच्या गाडीला तो बसवला तर चाक डगडगतं आणि जाणकार लगेच ओळखतो.

आता मुख्य काम. बॉडी झमॅकची असते, म्हणजे जस्त आणि त्यात साधारण ४ टक्के ॲल्युमिनियम. बॉडीलाच आतून खुंट असतात, त्यांचं टोक ठोकून तळ पक्का केलेला असतो. ती डोकी काढल्याशिवाय गाडी उघडत नाही. त्यांत भोक पाडायला या मशीनचा सगळ्यात कमी वेगसुद्धा जास्त होतो. बिट तापतं, जस्त खाचांत चिकटून बसतं, टोक घसरतं आणि तळावरच्या नेमक्या अक्षरांवर ओरखडा जातो. उद्यमबागेत लेथ चालवणारे एक ओळखीचे मामा आहेत, त्यांनी बघितल्या बघितल्या सांगितलं, "जस्त हाय ओ हे. हातानं फिरवा, रॉकेलचा थेंब सोडा, सावकाश जावा." बरोबर होतं त्यांचं. मी आता मशीननं फक्त गोल बर (गोल डोक्याचं घासायचं बिट) लावून डोकं सपाट करतो, मग हात-ड्रिलनं १.६ मिमीचं भोक पाडतो आणि एम २ चा टॅप (भोकात आटे पाडणारं हत्यार) फिरवतो. बारीक स्क्रू बसतो आणि गाडी पुन्हा कधीही उघडता येते.

आसाचं एक डोकं कापायला मात्र कटिंग चकतीला तोड नाही. फेल्टची (नमद्याची) चकती लावून उघड्या धातूचा तळ चकचकीत होतो तोही बघण्यासारखा. काचांच्या प्लॅस्टिकला अजिबात लावू नका, वितळतं. ते काम मऊ फडक्यानं हातानंच.

रंग उतरवायला वायर ब्रश लावायचा मोह होतो. नको. जुन्या रंगात शिसं असू शकतं, ती धूळ घरभर उडवायची नाही. पेंटच्या दुकानात रिमूव्हर मिळतं ते वापरा, हातमोजे घालून, खिडकी उघडी ठेवून. कॉस्टिक सोडा सांगणारे भेटतील. तो जस्तालाच खातो, बॉडी काळवंडते. आणि मूळ रंग बऱ्यापैकी शाबूत असेल तर गाडीला हातच लावू नका. टवके गेलेली मूळ रंगाची लेस्नी ही नव्यानं रंगवलेल्या लेस्नीपेक्षा संग्राहकाला जास्त प्यारी असते. हे माझ्या मुलाला पटत नाही, त्याला सगळ्याच लाल हव्यात.

पावसाळ्यात बेळगावात एनसी (नायट्रोसेल्युलोज) पेंट मारणं म्हणजे रंग वाया घालवणं. हवेतला दमटपणा पकडून रंगावर पांढरट झाक येते. त्यामुळे जून लागल्यापासून नुसती खोलाखोल आणि पॉलिश, रंगकाम दसऱ्यानंतर.

मशीनच्या तक्रारी दोन. लहान बिटाचं कॉलेट, म्हणजे बिट धरून ठेवणारी पकड, पहिल्यापासून ढिलं, बिट घसरायचं. वेगळा छोटा चक आणून लावला, प्रश्न मिटला. दुसरी मोठी: आषाढात मोटरचे कार्बन ब्रश (फिरत्या भागाला वीज देणारे कार्बनचे तुकडे) झिजले, ठिणग्या उडायला लागल्या. खोक्यावरच्या नंबरला फोन कोणी उचलत नाही. शेवटी मोटर बांधणाऱ्यानं दुसऱ्या मशीनचे ब्रश घासून मापाला आणले, तेच आजही चालतायत. घेताना दुकानदाराकडून ब्रशची जादा जोडी मागून घ्या, नसेल तर दुसरं मशीन बघा.

दोन-चारच गाड्या नीट करायच्या असतील तर हे घेऊ नका. हात-ड्रिल, १.६ चं बिट, एम २ टॅप आणि बारीक कानस, एवढ्यात भागतं. पेटी भरून गाड्या असतील तर घ्या.