क्वांटम कॉम्प्युटिंगमध्ये पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं संशोधन): क्यूबिट (क्वांटम कॉम्प्युटरचा बिट) सुपरकंडक्टिंग चिपवरचा निवडावा की आयन ट्रॅपमधला?
सुपरकंडक्टिंगवाल्यांचा निम्मा वेळ क्लीनरूममध्ये (धूळमुक्त खोलीत) चिप बनवण्यात जातो, उरलेला डायल्यूशन फ्रिज (चिप अतिथंड करणारं यंत्र) १० मिलिकेल्विनच्या, म्हणजे जवळजवळ निरपेक्ष शून्याच्या, आसपास यायची वाट बघण्यात, आणि दोनेक दिवसांनी थंड झाल्यावर कळतं की एक वायर सुटलीये, मग परत सगळं गरम करा. गेट (क्यूबिटवरची एक क्रिया) मात्र नॅनोसेकंदांत, आणि मायक्रोवेव्हचं काम हाताशी असलं की कंपन्याही विचारतात.

आयन ट्रॅपमध्ये व्हॅक्यूममध्ये पकडून ठेवलेले कॅल्शियमचे आयन हेच क्यूबिट, आणि ते सगळे सेम टू सेम, चिपचिपमधला फरक वगैरे भानगड नाही, पण त्यांना हाताळणारा ७२९ नॅनोमीटरचा लेसर लॉक (एकाच फ्रिक्वेन्सीवर स्थिर) राहिला तर ना! व्हॅक्यूम उघडलं की बेकिंगमध्ये (चेंबर तापवून आतले वायू काढण्यात) आठवडे गेलेच. दोन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट असेल तर नवा ट्रॅप उभारायला जाऊच नका. ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकच्या लॅबसारखा चालू सेटअप मिळाला तर आयन, नाहीतर सरळ फ्रिज. तसंही मुंबईच्या टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) सुपरकंडक्टिंगचं काम चालतं, म्हणजे मुंबईला परतायची वाट उघडी.