जुनी इम्पोर्टेड एअर पिस्टल: बायकाल, हेमरली की मोरिनी?

मुलगा किंवा मुलगी रेंजवर जायला लागून तीन-चार महिने झाले की कोच एक दिवस पालकांना बाजूला घेऊन सांगतात, "आता स्वतःची पिस्टल बघा." पॅरिसला जुलै २०२४ मध्ये मनू भाकरने दहा मीटरमध्ये ब्राँझ घेतल्यापासून हा संवाद जरा जास्तच कानावर पडतो. कोल्हापुरात तर तिथल्याच ऑलिंपियन नेमबाज राही सरनोबतमुळे तो आधीपासूनच ओळखीचा आहे. नवी मॅच पिस्टल लाखांत जाते. मग कुणीतरी व्हॉट्सअॅपवर जाहिरात पुढे पाठवतं: 'इम्पोर्टेड, फक्त रेंजवर वापरलेली, कंडिशन एकदम नव्यासारखी.' फोटोत लाकडी ग्रिप चमकत असते, शेजारी दोन सिलिंडर ठेवलेले असतात. आणि आकडा बरा वाटतो.

तो आकडा पुरता खरा नसतो. जुन्या एअर पिस्टलची किंमत म्हणजे विकणाऱ्याने सांगितलेली रक्कम, अधिक सिलिंडर, अधिक ग्रिप, अधिक सील. ही बेरीज केल्यावर स्वस्त दिसणारी महाग पडते आणि महाग वाटणारी कधी कधी परवडते. आपल्याकडे जुन्या बाजारात दिसणारे तीन प्रकार मी शेजारी शेजारी ठेवतोय: रशियाची बायकाल आयझेडएच-४६एम, हेमरली एपी२० (तिच्याच रांगेत स्टायर एलपी२), आणि एके काळची वरच्या वर्गातली पण आता वय झालेली मोरिनी सीएम १६२ किंवा स्टायर एलपी१०.

आधी सिलिंडर

बायकाल सोडली तर बाकीच्या सगळ्या पीसीपी, म्हणजे आधी भरून ठेवलेल्या हवेवर चालणाऱ्या. नळीखाली बसणाऱ्या सिलिंडरमध्ये साधारण २०० बार दाबाची हवा असते. इतका दाब सोसणाऱ्या भांड्याला मुदत असते आणि बहुतेक कंपन्या ती बनवल्यापासून दहा वर्षं धरतात. सिलिंडरवर तारीख कोरलेली असते, काहींवर बनवल्याची, काहींवर मुदत संपण्याची. सिलिंडर मुदतीत असणं ही आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमांनुसार नेमबाजाची जबाबदारी आहे आणि इक्विपमेंट कंट्रोलच्या, म्हणजे सामन्याआधीच्या साहित्य तपासणीच्या टेबलावर ते तपासता येतं. जिल्हा पातळीवर कुणी पाहील न पाहील, राष्ट्रीय स्पर्धेत पोरगं टेबलासमोर उभं असताना हा प्रश्न नको.

म्हणून जाहिरात आली की पहिला मेसेज एकच: दोन्ही सिलिंडरवरच्या तारखेचा जवळून काढलेला फोटो पाठवा. पिस्टलचे दहा फोटो पाठवणारा माणूस हा एक फोटो पाठवायला दोन दिवस लावत असेल तर उत्तर मिळालंच म्हणायचं. 'दोन सिलिंडर आहेत' या वाक्यात बऱ्याचदा एक जिवंत असतो आणि एक शोभेचा. एका कंपनीचा सिलिंडर सहसा दुसरीच्या पिस्टलला बसत नाही, त्यामुळे 'नंतर कुठूनही घेऊ' हा बेत चालत नाही. तो परदेशातून मागवावा लागतो, रिकामाच पाठवला जातो, आणि वाट पाहण्याची तयारी लागते.

भरायचा कशाने हेही आत्ताच ठरवा. क्लबमध्ये स्कूबा टाकी किंवा कॉम्प्रेसर असेल तर प्रश्न मिटला. घरी हातपंप वापरायचा तर मुंबईत आणि कोकणात पावसाळ्यात हवेतला ओलावा सिलिंडरमध्ये जातो. पंपाला ओलावा शोषणारा फिल्टर नसेल तर आतून गंज धरतो आणि तो बाहेरून दिसत नाही.

बायकाल आयझेडएच-४६एम

हिला सिलिंडरच नाही. नळीखालचा लांब दांडा एकदा पुढे ओढून मागे आणायचा, एका शॉटपुरती हवा दाबली जाते. मुदत नाही, पंप नाही, टाकी नाही. नळी चांगली असते. स्टँडवर टेकवून मारली तर अनेकपट महाग पिस्टलच्या तोडीचा ग्रुप देते, म्हणजे गोळ्या तितक्याच जवळजवळ बसतात. ट्रिगर बऱ्यापैकी जुळवून घेता येतो. आणखी एक सोय म्हणजे ब्रीच (गोळी भरायची मागची बाजू) उघडली की ट्रिगर चढतो, म्हणजे हवा न भरता ड्राय फायर, गोळीशिवाय नुसता ट्रिगर दाबण्याचा सराव, करता येतो. सुरुवातीला अर्धा सराव ड्राय फायरचाच असतो, त्यामुळे ही सोय लहान नाही.

मग सगळ्यांनी हीच का घेऊ नये? वजनामुळे. सुमारे १.३ किलो. नियमाची कमाल मर्यादा १५०० ग्रॅम आहे, तिच्यात ती बसते. पण बारा-तेरा वर्षांच्या मुलाने एका हाताने, हात पूर्ण लांब करून ती धरायची आहे, आणि वजन पुढच्या बाजूला झुकलेलं. त्यात सामन्याचे ६० शॉट आणि त्याआधीचे सायटिंगचे, म्हणजे नेम जुळवून घेण्याचे, प्रत्येक शॉटला दांड्याची एक ओढ. चाळिसाव्या शॉटनंतर खांदा वर यायला लागतो आणि मुलं मनगट वाकवून तो भार चोरायला शिकतात. ही सवय नंतर काढताना कोचचा जीव जातो. ग्रिप जाडजूड आणि ओबडधोबड येते, ती कानसून घ्यावीच लागते. नव्याने येणं थांबल्यात जमा असल्यामुळे सुटे भागही जुन्या पिस्टलमधूनच काढावे लागतात. सीलची गोष्ट वेगळी, ती मापाने इथेही मिळतात.

चाळिशीतला माणूस, हौस म्हणून रविवारी क्लबात जाणारा, दंडात जोर असलेला: त्याच्यासाठी बायकाल उत्तम सौदा आहे. शाळकरी मुलासाठी मी घेऊ देणार नाही.

हेमरली एपी२० आणि स्टायर एलपी२

हेमरली हे नाव स्विस, पण एपी२० ही पिस्टल जर्मनीत उल्मला वॉल्थरच्या कारखान्यात बनलेली. मुद्दाम कमी किमतीत काढलेली मॅच पिस्टल. वजन नऊशे ग्रॅमच्या आत, म्हणजे लहान हातांना साजेशी. बऱ्याच महागड्या पिस्टलमध्ये झटका शोषणारी यंत्रणा असते, ती हिच्यात नाही. एलपी२ तशीच, स्टायरची साधी आवृत्ती. झटका शोषण्याचा फरक वरच्या पातळीच्या नेमबाजाला जाणवतो. ज्या मुलाचे शॉट अजून सात आणि दहाच्या मध्ये फिरताहेत त्याला तो जाणवत नाही, त्याच्या गुणांवर तर मुळीच दिसत नाही.

रंगीत नळीमुळे एपी२० खेळण्यासारखी दिसते, आणि काही पालक तेवढ्यावरून नाक मुरडतात. त्याकडे दुर्लक्ष करा. बघायचं ते ट्रिगर आणि ग्रिपचा जोड. मुलांच्या हातात फिरलेल्या पिस्टलमध्ये ट्रिगरचे स्क्रू वारंवार उघडलेले असतात. स्क्रूची डोकी झिजलेली, खाचा तुटलेल्या दिसल्या तर आत कुणीतरी प्रयोग केलेत असं समजावं. या दोन्ही पिस्टल तुलनेने अलीकडच्या असल्यामुळे सिलिंडरची चार-पाच वर्षं शिल्लक असलेली सापडण्याची शक्यता जास्त.

जुनी मोरिनी, जुनी स्टायर एलपी१०

खरा मोह इथे होतो. 'ऑलिंपिकवाली पिस्टल' एपी२०च्या थोड्याच वरच्या भावात मिळतेय असं दिसतं. मोरिनी सीएम १६२चा इलेक्ट्रॉनिक ट्रिगर खरोखरच देखणा: बोटाखाली काच तुटावी तसा सुटतो, आणि रोज तसाच सुटतो. यांत्रिक ट्रिगरची आवृत्तीही असते, जाहिरातीत कोणती ते विचारून घ्या. एलपी१० साधारण १९९९पासूनची, तिची झटका शोषणारी यंत्रणा अजूनही उत्तम मानली जाते. वजन दोघींचं एक किलोच्या आसपास.

पण ही पिस्टल स्वस्त का विकली जातेय? बहुतेक वेळा उत्तर सिलिंडरवर कोरलेलं असतं. दोन्हींची मुदत संपलेली किंवा वर्षभरात संपणारी. दोन नवे सिलिंडर, मागवण्याचा खर्च, सील बदलणं, मुलाच्या मापाची नवी ग्रिप, एवढं मिळवलं की 'थोडाच वरचा भाव' भलताच वर जातो. इलेक्ट्रॉनिक ट्रिगरचं सर्किट गेलं तर ते बसवणारे हात देशात मोजके आहेत. टोकियोत जुलै २०२१ मध्ये मनूची पिस्टल पात्रता फेरीच्या मध्येच बिघडली, दुरुस्तीत वेळ गेला आणि अंतिम फेरी थोडक्यात हुकली. ऑलिंपिकमध्ये निदान दुरुस्त करणारे जवळ असतात. नांदेडच्या किंवा सांगलीच्या स्पर्धेत तुम्ही, पिस्टल आणि गेलेली वेळ, एवढंच.

तरीही घ्यावी अशी एक वेळ असते. मुलगा दोन वर्षं टिकलाय, गुण सातत्याने ६००पैकी ५४०च्या वर आहेत, कोच त्याच पिस्टलवर काम करायला तयार आहेत, आणि निदान एक सिलिंडर तीन वर्षं चालणार आहे. तेव्हा मोरिनीची नळी तुमच्या मुलाच्या अख्ख्या कारकिर्दीला पुरेल. नळ्या सहसा झिजत नाहीत. एअर पिस्टलची गोळी अर्ध्या ग्रॅमची, मऊ शिशाची, सेकंदाला दीडशे मीटरच्या आसपास जाणारी. ती पोलादाला काय झिजवणार? नळीचा शत्रू गंज, आणि गंज म्हणजे परत आपला पावसाळा.

हातात घेतल्यावर

कुरिअरने मागवू नका. रेंजवर भेटा, बालेवाडीला, वरळीला, जिथे दोघांना सोयीचं असेल तिथे, आणि कोचना सोबत न्या.

ग्रिपपासून सुरुवात करा, कारण ती खोटं बोलत नाही. मागच्या वर्षी एका एलपी१०ची ग्रिप पाहिली: तळहाताच्या पाटीखाली पुट्टीचे दोन थर, त्यावर लाकडी रंग मारलेला, अंगठ्याच्या बाजूला मात्र पटाशीने चांगलं बोटभर खोदलेलं. आधीच्या मालकाचा हात मोठा होता, त्याच्याही आधीच्याचा लहान. पिस्टल आतून ठणठणीत होती, पण ती ग्रिप तिसऱ्या हाताला कधीच बसली नसती. अशी ग्रिप दिसली की नव्या ग्रिपची किंमत भावातून वजा करा. मूल डावखुरं असेल तर उजव्या ग्रिपला शून्य किंमत द्या, ती कितीही सुंदर असो. मुलाला पिस्टल धरून डोळे मिटायला सांगा, हात उचलू द्या, मग डोळे उघडायला सांगा. फ्रंट साइट (नळीच्या टोकावरची) मागच्या साइटच्या खाचेच्या मध्याजवळ असेल तर ग्रिप हाताला ओळखते. प्रत्येक वेळी एकाच बाजूला सरकलेली असेल तर नाही.

मग ट्रिगर. नियमाप्रमाणे तो किमान ५०० ग्रॅमच्या ओढीचा हवा. क्लबमध्ये तेवढ्याच वजनाचं टेस्ट वेट असतंच. पिस्टल उभी धरून ट्रिगरला ते लटकवा आणि उचला. वजन उचललं जायला हवं, ट्रिगर सुटायला नको. विकणारे कधी कधी हलका करून ठेवतात, हाताला गोड लागतो म्हणून. वजन परत वाढवता येत असेल तर हरकत नाही, स्क्रू शेवटपर्यंत फिरवूनही वाढत नसेल तर आत काहीतरी घासलंय.

गळती एका भेटीत कळत नाही. शक्य असेल तर सिलिंडर भरून, पिस्टलला लावून, गेजचा फोटो काढून रात्रभर क्लबच्या लॉकरमध्ये ठेवायची विनंती करा. सकाळी काटा खाली आलेला दिसला तर सील गेलंय. सील स्वस्त असतं, पण ते बदलणारा माणूस कोण हे आधी शोधा. क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजणारं यंत्र) मिळाला तर थोडा वेळ थांबून पहिला शॉट मारा आणि लगेच पुढचे चार. पहिला ठळकपणे वेगवान आणि नंतरचे सारखे निघाले तर रेग्युलेटरमधून, म्हणजे हवेचा दाब एकसारखा ठेवणाऱ्या भागातून, हवा सरकतेय.

शेवटी दहा मीटरवर टेकवून पाच शॉट, एकाच डब्यातल्या मॅच पेलेटचे (स्पर्धेच्या दर्जाच्या गोळ्यांचे). दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं असतं. पाचही मिळून त्याच्या आत आरामात बसणारं एकच भोक दिसायला हवं. दोन वेगळी भोकं दिसली तर दुसरा डबा वापरून पाहा, मगच नळीला दोष द्या.

कागद

४.५ मिलिमीटरची आणि २० ज्यूलपेक्षा कमी ऊर्जेची एअर पिस्टल ठेवायला शस्त्रपरवाना लागत नाही, आणि मॅच पिस्टल त्या मर्यादेच्या खूप खाली असते. म्हणून बरेच जण कागदांकडे बघतच नाहीत. बघा. मूळ बिल, आयातीची कागदपत्रं, पिस्टलवरचा क्रमांक कागदाशी जुळतो का, आणि विकणारा हाच मालक आहे का. एनआरएआयने (देशातल्या राष्ट्रीय नेमबाजी संघटनेने) 'रिनाउन्ड शॉट' (नामांकित नेमबाज) दर्जा दिलेल्या नेमबाजाला सवलतीत आयात करता येते, पण अशा सवलतीने आणलेल्या वस्तूच्या विक्रीवर अटी असतात. त्या पूर्ण झाल्याचं लेखी घ्या. 'कागद नंतर देतो' म्हणणाऱ्याला पैसेही नंतर द्यावेत.

माझा कौल

पहिल्या वर्षी काहीच घेऊ नका, क्लबची पिस्टल वापरा, फक्त ग्रिप मुलाच्या मापाची करून घेता येते का ते विचारा. दुसऱ्या वर्षी एपी२० किंवा एलपी२, निदान एका सिलिंडरची चार वर्षं बाकी असलेली. मोरिनीला मुलाचे गुण ५४० ओलांडून स्थिरावेपर्यंत थांबवा. बायकाल मुलाऐवजी बाबांनी घ्यायची असेल तर जरूर घ्यावी. भाव करताना आधी कागदावर सिलिंडर, ग्रिप आणि सीलचा खर्च लिहा, तो सांगितलेल्या किमतीतून वजा करा आणि तिथून बोलणं सुरू करा. विकणारा स्वतः नेमबाज असेल तर त्याला ती वजाबाकी लगेच कळते, आणि तो पाच-दहा हजारांवरून अडून बसत नाही.