पेंटॅक्स पॅपिलिओ २ (६.५ × २१): झुडपाशी वाकून बघणाऱ्यांची दुर्बीण

इजिप्तमधल्या सेंट कॅथरीनच्या डोंगरांत आढळणारं सिनाई बॅटन ब्लू हे जगातल्या सर्वांत लहान फुलपाखरांपैकी एक. त्याचं आयुष्य सिनाई थाइमच्या झुडपांभोवतीच जातं. मादी कळ्यांवर अंडी घालते, अळ्या कळ्या आणि फुलं खातात, मोठी फुलपाखरंही मध मुख्यतः त्याच फुलांतला पितात. तेव्हा इथे लांबचं बघायचंच नसतं. झुडपाला हात न लावता नजर कळीपर्यंत पोचायला हवी. त्या कामासाठी आमची पहिली शिफारस हीच.

ही ५० सेंटीमीटरवर फोकस होते. नेहमीच्या दुर्बिणीचा इतक्या जवळ फोकस लागत नाही, आणि दोन डोळ्यांना दोन वेगळी वर्तुळं दिसायला लागतात. इथे चाक फिरवलं की पुढची भिंगं एकमेकांकडे सरकतात, म्हणून चित्र एकच राहतं. मिटलेल्या पंखांवरचे काळे ठिपके सुटे मोजता येतात!

याच मालिकेतली ८.५ पटीची घेऊ नका. तिचं दृश्यक्षेत्र ६ अंशांचं, हिचं ७.५, शिवाय हाताची थरथर तिच्यात जास्त जाणवते.

आधी डावा डोळा चाकाने आणि मग उजवा नेत्रिकेच्या कडीने जुळवून घ्या. जवळ गेल्यावर स्पष्ट दिसणारा पट्टा अगदी अरुंद असतो, त्यामुळे सारखं चाक फिरवण्यापेक्षा कोपर बरगड्यांना टेकवून अंगच किंचित पुढे-मागे करा. सावली झुडपावर पडली की फुलपाखरू उठतं. अळी शोधायची तर फुलोऱ्यात मुंग्या कुठे घुटमळतात ते पाहा, बहुधा तिथेच सापडेल. चष्मा असेल तर नेत्रिकेची रबरी कडा खाली ठेवा.

उणिवा आहेत. ही जलरोधक नाही. वाळूचे कण भिंगावर बसले तर आधी फुंकणीने उडवा. थेट कापडाने पुसलं की ओरखडे पडतात. जवळून लांबवर यायला चाक खूप फिरवावं लागतं, म्हणून उडत्या पक्ष्यामागे ही पुरी पडत नाही. संध्याकाळी २१ मिलिमीटरच्या भिंगांत उजेड कमी पडतो, पण फुलपाखरं उन्हातच उडतात, त्यामुळे ते चालतं.

अंड्यांसाठी मात्र १० पटीचं हातभिंग वेगळं ठेवा. त्यासाठी फांदी ओढू नका, चेहरा कळीजवळ न्या. तुटलेल्या कळीबरोबर तिच्यावरचं अंडंही जातं.