ओकच्या बाकावरचे काळे डाग आणि ऑक्झॅलिक ॲसिड : दहा महिन्यांनंतर

खानापूरच्या आमच्या अंगणात ओकचा जुना बाक आहे. पहिल्याच पावसाळ्यात प्रत्येक स्क्रूभोवती निळसर काळं वर्तुळ उमटलं, आणि एका टोकाला मोहरीएवढे ठिपकेच ठिपके. बुरशी समजून ब्लीचिंगचं पाणी मारलं. एक ठिपका हलला नाही. मग आठवलं, गेटचं वेल्डिंग तिथंच झालं होतं. ग्राइंडरचा लोखंडी कीस लाकडात रुतून बसला होता. ओकच्या लाकडात टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, भरपूर असतं. ओलाव्यात त्याला लोखंड लागलं की काळं पडतं. पूर्वी हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) घालून शाई करायचे, तीच ही शाई.

नोव्हेंबरात बेळगावातून ऑक्झॅलिक ॲसिडची पांढरी पूड आणली. प्लास्टिकच्या बादलीत 1 लिटर गरम पाण्याला 80 ग्रॅम, आणि नायलॉनचा ब्रश. तारेचा ब्रश किंवा स्टील वूल अजिबात नको, त्यातून पुन्हा लोखंडच लागतं. नुसत्या डागावर लावलं तर तेवढाच चट्टा उजळ दिसतो, म्हणून सगळी फळी भिजवली. बघता बघता काळ्याचं तपकिरी झालं, मग पिवळट, आणि खालच्या लाकडाच्या रेषा दिसू लागल्या. फार बरं वाटलं! तेल किंवा व्हार्निश असेल तर आधी ते काढावं लागतं.

धुताना मात्र चुकलं. आमच्या बोअरच्या पाण्यात लोह आहे, बादलीला तांबूस थर बसतो. त्याच पाण्यानं धुतल्यावर फळी पुन्हा करडी झाली. दुसऱ्यांदा ॲसिड लावून फिल्टरच्या पाण्यानं तीनदा धुतली. हे ॲसिड विषारी आहे. हातमोजे, चष्मा हवाच, आणि पोरांपासून, गुरांपासून लांब ठेवा. नीट धुतल्याशिवाय पॉलिश पेपर मारू नका. मी घाई केली आणि त्या धुळीनं दिवसभर घसा जळत होता.

स्क्रू बदलायला आलेले मिस्त्री बैलहोंगलकडचे. बाक बघताच कानडीत म्हणाले, “मोदल कब्बिण तेगीरी.” आधी लोखंड काढा. सगळीकडे स्टेनलेसचे स्क्रू बसवले, फक्त बाकाच्या हाताखालचे तीन झिजलेले निघेनात म्हणून तसेच ठेवले.

आता सप्टेंबर. खानापूरचा पाऊस अख्खा अंगावर घेऊन बाक नुसता चंदेरी करडा झालाय, ठिपके परतले नाहीत. त्या तीन स्क्रूंभोवती मात्र वर्तुळं पुन्हा काळी. मिस्त्रींना ड्रिल घेऊन बोलावलंय.